नासायची गोणी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. जळगावच्या कचरूभाऊंच्या डाळ मिलमध्ये दरवर्षी नव्या तुरीची एक गोणी नासायला काढून ठेवायची पद्धत होती. ती पद्धत बंद पडली ती माझ्यामुळे. मी त्यांचा कर सल्लागार. जो सल्ला मी दिला तो कायद्यात बसणारा होता, त्यात कंपनीचा फायदा झाला आणि आजवर कोणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही. तरीही चूक माझी होती आणि कचरूभाऊ हयात असताना त्यांच्यासमोर बसून ती कबूल करणं मला जमलं नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्यात एका अशिलाच्या ऑफिसात होतो. दिवाळी उलटून महिना झाला असेल. त्यांचा पुतण्या राजेश, जो आता कंपनी बघतो, त्याचा फोन आला. "काका, भाऊ गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर आणेपर्यंत..." मी समोरच्या माणसाला काही न सांगता उठलो, खाली येऊन गाडीत बसलो आणि गाडी चालू न करता तसाच बसून राहिलो. पहिला विचार मनात आला तो एवढाच, की आता ते राहूनच गेलं. माणूस गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं, जळगावच्या वाटेवर धुळं मागे पडल्यावर केव्हातरी... हे या क्रमाने आलं याचीही मला लाज वाटते.

आमची ओळख सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मी नुकता सीए होऊन जळगावात बसलो होतो आणि माझ्या टेबलावर धूळ झटकण्यापलीकडे काम नव्हतं. कचरूभाऊ स्वतःहून आले. माझ्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी मोठे, पांढरा सदरा, खिशात चष्मा आणि दोन-चार तुरीचे दाणे. घराणं मूळचं राजस्थानातलं, तीन पिढ्यांपासून खानदेशात धान्याच्या व्यापारात. मी सीए आहे असं शंभरदा सांगूनही ते मला शेवटपर्यंत वकीलच म्हणत राहिले. "कर भरायचा म्हणजे उभं तर राहावंच लागतं ना कोणासमोर, मग तू वकीलच," हा त्यांचा युक्तिवाद. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाची गोष्ट सांगितली होती. थोरल्या भावानंतरची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून आईने यांचं नाव कचरू ठेवलं. "नावानेच वाचलो बघ. आता ज्याचं नावच कचरू, तो नासाडीला काय घाबरणार?" आणि मग ते मला मिल दाखवायला घेऊन गेले.

तूर डाळ बनवणं बाहेरून दिसतं तेवढं सरळ नाही. दाण्याचं टरफल फार घट्ट असतं. आधी दाणा रोलरमधून काढून खरवडायचा, तेल चोळायचं, रात्रभर ढीग लावून ठेवायचा, पटांगणावर पसरून ऊन द्यायचं, पाणी मारायचं, पुन्हा ढीग, पुन्हा ऊन, आणि मग भरडायचं. यात कुठे जरा कमीजास्त झालं की डाळीचा तुकडा होतो आणि तुकड्याला भाव नाही. कचरूभाऊंची मिल होती आणि मिलला लागणारे रोलर बनवायचं छोटं वर्कशॉपही शेजारीच होतं. त्या दोन्हींच्या मध्ये, पटांगणाच्या कडेला पत्र्याखाली, एक गोणी उभी असायची. तिच्यावर गेरूने मोठा 'ना' लिहिलेला. हंगामातला तुरीचा पहिला ट्रक आला, की नारळ फोडून त्यातली पहिली गोणी बाजूला काढायची, ती विकायची नाही, तिची डाळ करून पैसे करायचे नाहीत. ती नासायची. वर्षभरात ज्याला काही करून बघावंसं वाटेल त्याने त्या गोणीतली तूर घ्यायची आणि बघायचं.

ज्याला म्हणजे खरोखर ज्याला. फिटर, हमाल, वॉचमन, माल घेऊन आलेला ट्रकवाला, पटांगणावर डाळ फिरवणाऱ्या बाया. एका ट्रकवाल्याने सांगितलं म्हणून एकदा अर्धी गोणी गरम पाण्यात भिजवली, तर तिला मोड आले आणि सगळ्या मिलने दोन दिवस उसळ खाल्ली. पटांगणावरची सुमनअक्का सोनगीरकडची, ती दरवर्षी मागे लागायची, "भाऊ, माझं ऐका. शेनघाई सारेल जमीनवर वाळाडा, मंग दखा." एका वर्षी भाऊंनी तिला डाळ वाळवायला कोपऱ्यातली जागा शेणाने सारवून दिली. त्या डाळीचं वरण झालं, सगळे पंगतीला बसले, भाऊंनी पहिला घास घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अक्का, चव शे. पण गोठ्याची शे." सगळ्यात मोठ्याने हसली ती अक्काच.

वरणाचंही सांगायला हवं. त्या गोणीतून जे काही निघेल ते शिजवून सगळ्यांनी एकत्र खायचं असा नियम होता. शिजल्याशिवाय निकाल नाही, असं भाऊ म्हणत. त्याला नासाडीचं वरण म्हणायचे. मीही ते कितीतरी वेळा खाल्लं आहे. बहुतेक वेळा ते वाईटच असायचं. कधी दाणा शिजायचाच नाही, कधी वरणाला राखेचा वास. पण एकदा वर्कशॉपमधल्या फिटरच्या हातून पट्टा सैल राहिला, रोलर हळू फिरला आणि नासायच्या गोणीतल्या त्या डाळीत तुकडा फारच कमी निघाला. दुसरा कोणी असता तर फिटरला बोलला असता. भाऊ खाली वाकून ओंजळीत डाळ घेऊन बघत बसले. "परत सैल कर," ते म्हणाले. पुढे त्यांचा हळू फिरणारा रोलर लातूर-अकोल्यापर्यंत विकला गेला, कंपनी उभी राहिली ती त्याच्यावर. गोणीवरच्या त्या अक्षराचा अर्थ मी एकदा त्यांना विचारला होता. नासायची, हे मला ठाऊक होतं, तरी विचारलं. ते म्हणाले, "ना म्हणजे, नाही जमलं तरी चालेल."

मग सवलत आली. म्हणजे कायद्यात ती आधीपासून होती, मी ती कचरूभाऊंकडे आणली. कंपनीने स्वतःच्या आवारात संशोधनावर खर्च केला आणि त्या संशोधन केंद्राला दिल्लीहून मान्यता मिळवली, तर जेवढा खर्च केला त्याच्या दुप्पट रक्कम उत्पन्नातून वजा करता यायची. एक रुपया खर्चून दोन रुपये खर्च केल्यासारखं दाखवायला कायद्याचीच परवानगी. सरकारचा हेतू चांगला होता. कंपन्या नफा वाटून घेतात, जमिनी घेतात, नवं शोधण्यावर मात्र खर्च करत नाहीत, कारण शोधलेलं सापडेलच याची खात्री नसते. तेव्हा त्या धोक्यातला काही भाग सरकार उचलेल, असा त्यामागचा विचार. फसलेल्या प्रयोगाचा खर्चही त्यात धरला जायचा. हे वाचलं तेव्हा मला गेरूचा 'ना' आठवला आणि वाटलं, हा कायदा लिहिणाऱ्याने कचरूभाऊंची गोणी बघितली असणार.

मी उत्साहाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नासाडीचे दुप्पट?"

"नासाडी म्हणायचं नाही आता भाऊ. संशोधन आणि विकास."

"गोणी तीच ना?"

"गोणी तीच."

"मग काहीही म्हण."

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. त्याच्या आदल्याच वर्षी धुळ्यातल्या एका कारखान्याची अशीच वजावट नामंजूर झाली होती. हिशेब वेगळे ठेवले नव्हते, आणि ते ठेवून घ्यायचं काम माझं होतं. त्या मालकाने नामंजुरीचा कागद आपल्या सगळ्या माणसांसमोर माझ्यापुढे टाकला होता. तेव्हापासून माझ्यात एक भीती शिरली. कायदा जेवढं मागतो त्याच्यापेक्षा मी दोन बोटं जास्त घट्ट करू लागलो. कायद्याने संशोधनाचा हिशेब वेगळा मागितला होता. मी खोलीच वेगळी केली आणि तिला दार लावलं. पत्र्याखालची गोणी उचलून पक्क्या बांधकामात नेली, काचेचं दार, बाहेर पाटी, आत वजनकाटा आणि ओल मोजायचं यंत्र. आत कोण जाणार त्यांची नावं ठरवली. तपासणीला माणूस आला आणि त्याला आत खराटा घेतलेली बाई किंवा ट्रकचा ड्रायव्हर दिसला तर तो काय समजेल, हा माझा प्रश्न. भाऊंनी तेव्हा मला एकदाच विचारलं होतं, "हे दाराचं नियमात आहे का, वकील?"

मी म्हणालो, "आहेच असं समजा."

आणि त्यांनी बाहेर जाऊन पटांगणावर सांगितलं, "दिल्लीचा नियम आहे. आता त्या खोलीत कोणी जायचं नाही."

पुढची काही वर्षं चांगली गेली, हे मी लपवणार नाही. सवलतीने काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. धुळ्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली स्वाती नावाची मुलगी त्या खोलीसाठी नोकरीला घेतली. सवलत नसती तर राजेशच्या वडिलांनी, म्हणजे कचरूभाऊंच्या थोरल्या भावाने, डाळ मिलमध्ये पगारी संशोधक ठेवायला कधीच संमती दिली नसती. तिने तीन हंगाम घालवून तूर सुकवायचं यंत्र तयार केलं. आभाळ आलं की पटांगणावरचं काम बंद पडायचं, ते बंद पडणं त्या यंत्रामुळे थांबलं. यंत्र चालू झालं त्या दिवशी भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "हे वकिलाच्या कलमामुळे आलं." ते वाक्य मी कितीतरी वर्षं छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवलं. व्यापाऱ्यांच्या बैठकीत संशोधनाच्या सवलतीवर बोलायला मला बोलावत, आणि मी प्रत्येक ठिकाणी ते सांगायचो.

जे सांगायचो नाही ते आता सांगतो. खर्च वाढला, पण सगळा वाढलेला खर्च नवा नव्हता. रोलरची जी दुरुस्ती आधी दुरुस्ती म्हणून लिहिली जायची, तिच्यात थोडा बदल होत असेल तर मी ती संशोधनात नेऊन बसवायचो. माझ्या इतर अशिलांकडेही हेच. कोणी पाइपांचा रंग बदलला तरी मला फोन करायचा, "साहेब, हे बसेल का त्याच्यात?" बसेल का, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की शोधलं काय, हा प्रश्न विचारायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही. कायद्याच्या कडेकडेने चालत होतो, बाहेर कधी गेलो नाही. पण कोणत्या कंपनीचं संशोधन खरंच वाढलं आणि कोणाचं फक्त नाव बदललं, हे मला विचाराल तर मी निम्म्यांबद्दल शपथेवर सांगू शकणार नाही, आणि त्या सगळ्यांचे कागद मीच केलेले आहेत.

आणि दाराबाहेर काय झालं, तेही. पहिल्या वर्षी बाया काचेतून आत बघायच्या. ट्रकवाले विचारायचे, "गोणी कुठे गेली?" मग विचारेनासे झाले. नासाडीचं वरण बंद झालं, कारण खोलीत डाळ शिजवून बघायचं यंत्र आलं होतं, ते किती मिनिटांत दाणा मऊ होतो एवढं सांगायचं. एकदा मी सुमनअक्काला सहज म्हणालो, यंदा नवीन काय काढलंस डोक्यातून? ती हातातल्या फावड्याने डाळ फिरवत राहिली. म्हणाली, "आम्हनं काय काम शे तठे? तठे शिकेल लोके बसतस." तिथे शिकलेले लोक बसतात, हे सांगताना तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी ते ऐकलं, गाडीत बसलो आणि घरी आलो.

स्वातीने एकदा माझ्याकडे तक्रार केली होती, तीही मी हसण्यावारी नेली. ती म्हणाली, "सर, मी आत काय करते ते बाहेर कोणाला कळत नाही आणि बाहेर काय अडतं ते मला कळत नाही. फिटर दाराशी येऊन उभा राहतो, चप्पल काढू का म्हणतो." मी म्हणालो, "चांगलं आहे ना, शिस्त आहे." शिस्त हा शब्द माझ्या व्यवसायात फार उपयोगी पडतो.

मग सरकारने ती सवलत कमी करत आणली. दुप्पटीची दीडपट झाली आणि काही वर्षांनी जेवढ्यास तेवढी. म्हणजे संशोधनावर केलेला रुपया आणि दिवाळीच्या मिठाईवर केलेला रुपया करापुरता सारखाच. त्या वर्षी कंपनीची बैठक होती. राजेश, त्याचे वडील, कचरूभाऊ, मी. राजेशने मला विचारलं की आता खोलीचं काय करायचं. मी आकडे मांडले. करातून जे परत मिळत होतं ते आता मिळणार नाही, तेव्हा केंद्र चालू ठेवण्यात अर्थ नाही, स्वातीला उत्पादनाकडे घ्यावं. सगळे माना हलवत होते. शेवटी कचरूभाऊंनी विचारलं, "आणि गोणी?"

मी हसत म्हणालो, "भाऊ, आता नासाडीला कोणी दुप्पट देत नाही."

सगळे हसले. तेही हसले. चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्या वर्षी हंगामाचा पहिला ट्रक आला, नारळ फुटला आणि पहिली गोणी इतर गोण्यांबरोबर रोलरकडे गेली.

गोणी पुन्हा पत्र्याखाली का ठेवली नाही, असं कोणी विचारेल. मीही स्वतःला विचारलं आहे. सवलत येण्याआधी कितीतरी वर्षं ती तिथे होतीच की, कोणाच्या दुप्पटीवर जगत नव्हती. मला जे समजलं ते असं, की ज्या गोणीचा हिशेब कोणी कधी मागितला नव्हता तिला मी हिशेबात आणलं. एकदा हिशेबात आल्यावर ती महाग दिसायला लागली. तिचं कारण सांगावं लागायला लागलं. आधी ती काढायची असायची म्हणून काढायचे, जसं घरात पाहुण्याचं ताट वाढायचं असतं. मी तिला कारण दिलं, सवलत. आणि सरकारने कारण काढून घेतलं तेव्हा राजेशसारख्या शिकलेल्या मुलाला ती काढायला दुसरं कारणच उरलं नव्हतं. भाऊ म्हणू शकले असते की गोणी निघेल. पण तोवर कारभार पुतण्याकडे दिला होता, आणि दिलेल्या कारभारात बोट घालायचं नाही ही त्यांची शिस्त, माझ्या शिस्तीपेक्षा वेगळी... शिवाय गोणी काढून ती कोणाला देणार होते ते? बाया, फिटर, ट्रकवाले सगळे आता आपापलं काम करणारे झाले होते.

शेवटची भेट दिवाळीच्या पाडव्याची. त्यांचं हृदयाचं दुखणं वाढलं होतं, जिना चढायला बंदी होती, खालच्या खोलीत खिडकीजवळ बसलेले असत. मी ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती. राजेशच्या बायकोने फराळ आणून ठेवला. भाऊ म्हणाले, "काय वकील, सरकार काय म्हणतं?" आणि मी पुढच्या हप्त्याच्या आगाऊ कराबद्दल बोलायला लागलो. अर्धा तास मी त्यावरच बोललो. ते ऐकत होते, मधूनच सदऱ्याच्या खिशात बोटं घालून काहीतरी चाचपत होते. निघताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या हातात तुरीचे दोन-तीन दाणे ठेवले. "बघ, नव्या तुरीचा नमुना आलाय, यंदा टरफल पातळ आहे. करून बघण्यासारखं आहे काही." मी ते शर्टाच्या खिशात टाकले. शर्ट धुवायला गेला.

उठावण्याला, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकबैठकीला, गर्दी पुष्कळ होती. लोक येत होते, हात जोडून बसत होते, निघत होते. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो, स्वाती शेजारी येऊन बसली. ती आता कंपनीचं उत्पादन बघते. बोलता बोलता मी तिला म्हणालो की ती खोली मी फार घट्ट केली, दिल्लीच्या नियमाला घाबरून. ती म्हणाली, "सर, नियम तसा नव्हता हे भाऊंना माहीत होतं."

मी भिंतीपासून पाठ सोडवून तिच्याकडे वळलो.

"तपासणीला ते गृहस्थ आले होते ना दिल्लीहून, तुम्ही ऑफिसात कागद काढायला गेला होता. त्यांनी भाऊंना विचारलं, ये दरवाज़ा बंद क्यों रखते हैं? भाऊ म्हणाले, आपका नियम है. तर ते हसले. म्हणाले, हमें हिसाब अलग चाहिए सेठजी, आदमी अलग नहीं चाहिए."

"मग भाऊंनी मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. मी म्हटलं, सरांना सांगून दार उघडू या. ते म्हणाले, वकिलाला धुळ्यात एकदा लोकांसमोर खाली बघावं लागलंय. पुन्हा नको. त्याचं त्यालाच कळेल, तेव्हा तोच उघडेल." स्वातीने ओढणीने डोळे टिपले. "वाट बघत होते सर ते. मला वाटतं, बरीच वर्षं."

त्या रात्री आणि नंतरचे कितीतरी दिवस मला झोप नीट लागली नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि त्यासाठी लागलेली किंमत त्यांनी स्वतः दिली. बाहेर दिल्लीचं नाव सांगितलं, माझं कधी घेतलं नाही. पाडव्याला माझ्या हातात दाणे ठेवले तेव्हा ते मला आणखी एकदा संधी देत होते, आणि मी आगाऊ करावर बोलत होतो.

गेल्या पंधरवड्यात नव्या तुरीचा पहिला ट्रक आला. राजेशला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला बोलाव. मी पोहोचलो तेव्हा नारळ फुटलेला होता, हमाल गोण्या उतरवत होते, पटांगणावर बाया उन्हात उभ्या होत्या. पत्र्याखाली भाऊंची लोखंडी खुर्ची तशीच होती, तिच्यावर कोणी बसत नाही. मी राजेशला म्हणालो, "पहिली गोणी बाजूला काढ."

"कशाला काका?"

"नासायला."

"पण काका, दाखवायची कशात? तुम्हीच म्हणाला होता, त्याच्यावर आता काही मिळत नाही."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी म्हणालो, "नासाडीत दाखव. जेवढी नासेल तेवढी. दुप्पट नाही, एकपट."

त्याने भाऊंच्या खुर्चीकडे बघितलं. मग हसला, डोळ्यात पाणी आणून. "लहानपणी ते वरण मी खाल्लंय काका. फार वाईट असायचं." आणि त्याने हमालाला हात केला. गोणी पत्र्याखाली खुर्चीशेजारी उभी राहिली. स्वाती गेरू कालवून घेऊन आली आणि वाटी माझ्या पुढे धरली. माझं अक्षर भाऊंसारखं गोल येत नाही, 'ना' जरा वाकडाच आला.

सुमनअक्का लांबून बघत होती. आता तिचं वय झालंय, फावडं धरून चालते. ती जवळ आली, गोणीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "आते चालस का हाई? दिल्लीवाला रागावतीन ना? दार लावानं त्यासनीच सांगेल व्हतं."

गोणीभोवती सगळे जमले होते. राजेश, स्वाती, फिटर, हमाल, बाया, ट्रकवालाही. माझ्या बोटांना गेरू लागलेला होता. मी हात जोडले.

"अक्का, दार लावायला दिल्लीने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. भाऊंना ते ठाऊक होतं, त्यांनी माझं नाव तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सगळ्यांना इतकी वर्षं बाहेर ठेवलं ते मी. माझं चुकलं, अक्का. मला माफ करा."